पुठ्ठ्याला टाकाऊ म्हणू नका
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या डिसेंबरात आपल्या महाविद्यालयात ‘टाकाऊतून टिकाऊ’ ही स्पर्धा झाली. सूचनाफलकावर नियम लावले होते. त्यातला दुसरा नियम असा होता की, वस्तू तयार करताना फक्त टाकाऊ साहित्य वापरावे. उदाहरणार्थ पुठ्ठा, बाटल्या, नारळाच्या करवंट्या, जुनी वर्तमानपत्रे. पुठ्ठ्याचा मान पहिला! मैत्रिणींनी मला खूप आग्रह केला, कारण पुठ्ठ्यावर माझा हात बरा चालतो हे त्यांना ठाऊक आहे. पण मी भाग घेतला नाही. का घेतला नाही, हे त्या वेळी मला धड सांगता आले नाही. म्हणून हा लेख.

आणखी एक गंमत सांगते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी वही आणायला स्टेशनरीच्या दुकानात गेले, तर तिथे आपल्याच मुलामुलींची ही गर्दी! कोणी कोरा करकरीत पांढरा पुठ्ठा मागतो आहे, कोणी सोनेरी कागद. टाकाऊ वस्तू विकत आणून त्यातून टिकाऊ वस्तू करण्याचा हा प्रकार पाहून मला हसू आले. असो.

पुठ्ठा हा काय लेखाचा विषय झाला, असे वाचकांना वाटेल. मैत्री, निसर्ग, हुंडा, आजचा तरुण असे एकाहून एक विषय सोडून ही मुलगी पुठ्ठ्याच्या मागे का लागली? वाचकहो, जरा धीर धरा.

पुठ्ठा म्हणजे काय? सोप्या भाषेत सांगायचे तर थरांवर थर देऊन ताठ केलेला कागद. एक कागद हातात धरला तर मान टाकतो. त्यावर खळीने दुसरा चिकटवला, तिसरा चिकटवला की तोच कागद उभा राहतो. आमच्या शेजारची एक मैत्रीण शास्त्र शाखेला आहे. तिने मला यातले गणित समजावून सांगितले आणि मी थक्क झाले. दोन कागद नुसते एकावर एक ठेवले तर ताठपणा दुप्पट होतो. पण तेच दोन कागद एकमेकांना पक्के चिकटवले तर तो जवळजवळ आठपट होतो! कारण सुटे कागद वाकताना एकमेकांवरून सरकतात आणि चिकटवलेल्यांना सरकता येत नाही. म्हणजे पुठ्ठ्याच्या ताकदीत कागदाइतकाच वाटा खळीचाही आहे.

पुठ्ठ्याच्या जाती पुष्कळ आहेत. वहीच्या आणि पुस्तकाच्या बांधणीत असतो तो करडा, घट्ट पुठ्ठा. तो बहुतेक रद्दी कागदाच्या लगद्यापासून करतात. पिवळसर रंगाचा एक पुठ्ठा पूर्वी फार चाले, तो पेंढ्यापासून होई. हे वाचले तेव्हा मला आमचा गोठा आठवला. भात झोडून झाल्यावर जो पेंढा आमची गाय रवंथ करीत खाते, त्याच पेंढ्याने कुठेतरी पुस्तकाची पाठ धरली होती! तिसरा म्हणजे खोक्याचा पुठ्ठा. दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी घड्यांचा तिसरा कागद. बाजारात त्याला तीन प्लाय, पाच प्लाय, सात प्लाय अशी नावे आहेत. त्याची युक्ती आपल्या घरावरच्या पन्हळी पत्र्याचीच. सपाट पत्रा वाकतो, पन्हळी पत्रा महाडचा पाऊस झेलतो. या घड्यांच्या कागदाचे पहिले पेटंट १८५६ साली इंग्लंडात घेतले गेले आणि ते कशासाठी, तर साहेबाच्या उंच टोपीला आतून अस्तर लावण्यासाठी! पुढे १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स नावाच्या गृहस्थाने तोच कागद बाटल्या गुंडाळायला वापरला, आणि मग टोपी राहिली बाजूला, साऱ्या जगाचा माल खोक्यात जाऊन बसला.

पण थरांची विद्या साहेबाने आपल्याला शिकवली, असे कोणी समजू नये. आपल्याकडे लघुचित्रे काढणारे चित्रकार ‘वसली’ नावाच्या पुठ्ठ्यावर काम करीत. हाताने केलेले कागद खळीने एकमेकांना चिकटवायचे, कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे आणि वाळल्यावर अकीकासारख्या गुळगुळीत दगडाने घोटायचे. आपल्या कोकणातच सावंतवाडीला गंजिफा होतात. गोल पत्ते, त्यांवर रंगवलेली चित्रे. दशावतारी गंजिफेच्या एका डावात १२० पाने असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. जुन्या पद्धतीत कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून हे पत्ते करीत. चिंचोक्याला तरी आपण टाकाऊच म्हणतो की नाही?

‘पुठ्ठा’ या शब्दाचेही नाते पाहण्यासारखे आहे. जनावराच्या मागच्या भागालाही पुठ्ठा म्हणतात आणि पुस्तकाच्या पाठीलाही. मूळ ‘पृष्ठ’ शब्दापाशी जाते, असे मराठीच्या तासाला कळले. आपण पुस्तकाच्या पानालाही पृष्ठच म्हणतो. तेव्हा आतले पान आणि बाहेरचा पुठ्ठा हे एकाच घरातले दोघे भाऊ. एकाचे नाव मोठे झाले, दुसरा बाहेर पडवीत राहिला.

आता मी स्पर्धेत का उतरले नाही त्याकडे येते.

माझे वडील महाडच्या बाजारपेठेत हमाली करतात. आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, घाटाच्या अंगाला. सकाळच्या एस. टी. ने बाबा खाली येतात आणि ट्रकमधून आलेला माल दुकानादुकानांत पोचवतात. साबण, बिस्किटे, साड्या, औषधे, भांडी, सारे खोक्यांतून येते. बाबा चौथीपर्यंत शिकले. इंग्रजी त्यांना येत नाही, पण खोक्यावरची तीन चित्रे ते वाचतात. बाण म्हणजे ही बाजू वर. पेला म्हणजे आत फुटणारे आहे. छत्री म्हणजे पाण्यापासून जपा. मला इंग्रजी मुळाक्षरांची ओळख पहिलीच्या पुस्तकाआधी या खोक्यांनीच करून दिली. बाबा रिकामी खोकी घरी आणीत आणि मी त्यांवरचे एकेक अक्षर बोटाने गिरवीत बसे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. त्या पायरीखाली कुठेतरी बिस्किटांचे एखादे खोके नक्की आहे.

आमच्या घरी पुठ्ठा कशाकशाला लागतो म्हणून सांगू? चुलीला वारा घालायला. पावसाळ्यात जमिनीतून ओल वर येते, तेव्हा अंथरुणाखाली घालायला. पश्चिमेकडच्या भिंतीच्या फटी बुजवायला. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायला. थर्मोकोलवर २०१८ साली बंदी आली, त्यानंतर गणपतीचे मखरही आम्ही पुठ्ठ्याचेच करतो. मुंबईहून येणारे चाकरमानी काका त्याचे कौतुक करतात आणि फोटो काढून नेतात. जे यातूनही उरते ते रद्दीवाला किलोमागे आठ-दहा रुपये देऊन घेऊन जातो. मग सांगा, यात टाकाऊ काय आहे? फ्रीज विकत घेणाऱ्याला त्याचे खोके टाकाऊ असेल. ते पाठीवरून वाहून नेणाऱ्याची ती मजुरी आहे आणि त्याच्या घरात ते सामान आहे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगते. भिंतीच्या फटीत पुठ्ठा लावावा लागतो याचा मला काही अभिमान नाही. पत्रा लावणे परवडले असते तर आम्ही पत्राच लावला असता. गरिबी म्हणजे मोठी कल्पकता, असे भाषणात ऐकायला गोड वाटते. ज्याच्या अंथरुणाखाली ओल येते त्याला ते गोड वाटत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या वस्तूवर कोणाचे तरी घर चालते तिला आपण सूचनाफलकावर सरसकट ‘टाकाऊ’ लिहून मोकळे होतो, ते बरे नव्हे.

माझी दहावी २०२१ सालची. त्या वर्षी जानेवारीतच बाबांनी साड्यांच्या गठ्ठ्यातून निघालेला एक जाड करडा पुठ्ठा निवडून आणला होता. परीक्षेत पेपरखाली धरायला बाजारात पॅड मिळते, पण आम्ही सारी मुले त्यालाही पुठ्ठाच म्हणतो. बाबांनी तो पुठ्ठा धारेच्या सुरीने मापात कापला. त्यावर कसला तरी शिक्का आणि आकडे होते. परीक्षेत कोणी हरकत घेऊ नये म्हणून आईने मैद्याची खळ शिजवली आणि बाबांनी दोन्ही बाजूंना पांढरा कागद चिकटवून तो रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवला. वर कपडे वाळत घालायचा चिमटा. असा माझा पुठ्ठा तयार झाला. आणि एप्रिलमध्ये करोनामुळे परीक्षाच रद्द झाली! मी रडले. बाबा म्हणाले, “अगं, पुठ्ठा काय नासतोय होय? बारावीला होईल.”

१६ जुलैला निकाल लागला. न दिलेल्या परीक्षेत पास झाल्याचे पेढे आम्ही वाटले. त्यानंतर सहाच दिवसांनी, २२ जुलैला, जे झाले ते आपल्या दोन्ही तालुक्यांतला कोणी विसरणार नाही. वर महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. तिथेच उगम पावणारी सावित्री पोलादपुरावरून खाली उतरली आणि महाड पाण्यात गेले. तळियेवर दरड आली, ऐंशीहून अधिक माणसे एका संध्याकाळी गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसे घेतली. बाबा २१ तारखेला सकाळी कामाला गेले होते. फोन बंद, वीज नाही, रस्ता नाही. आई तीन दिवस दारातच बसून होती. २४ तारखेला दुपारी बाबा चालत आले. दोन रात्री ते बाजारातल्या एका दुकानाच्या माळ्यावर होते. काय पाहिले ते त्यांनी पुष्कळ दिवस सांगितले नाही. फक्त एवढे म्हणाले, “खोकी होड्यांसारखी तरंगत होती. छत्रीवाली.”

आठ-दहा दिवसांनी दुकाने साफ करायला माणसे हवी होती, म्हणून आई आणि मीही गेलो. त्या दिवशी पुठ्ठा पाण्यात गेल्यावर त्याचे काय होते ते मी पाहिले. नुसती हवा दमट झाली तरी खोक्याची ताकद कमी होते. इथे तर तो दोन दिवस गाळात बुडलेला. आधी खळ सुटते. थर एकमेकांना सोडतात. मग त्याचा लगदा होतो आणि तो चिखलात असा मिसळतो की फावड्यावर काय येते आहे ते कळत नाही. एका दुकानात आम्ही तीन दिवस तो लगदा उपसत होतो. वास अजून नाकात आहे. दुकानाच्या एका कोपऱ्यात शालेय पुस्तकांचे गठ्ठे होते. पुस्तके फुगून एकमेकांत रुतली होती. पाने वेगळी करायला गेले तर हातात नुसते तंतू आले. त्या ढिगासमोर मात्र मी उभी राहिले. टाकाऊ म्हणजे काय, हे मला त्या दिवशी दिसले होते. म्हणून हा शब्द मला सहजासहजी वापरवत नाही.

पुस्तक जपणे ही आपल्या भागातली आजची चिंता नाही. शिवथरची घळ आपल्याच महाड तालुक्यात. दासबोधाचे लेखन तिथे झाले, अशी परंपरा सांगते. ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मला तरी यंदाच कळले. त्यात अध्यात्म बाजूला ठेवून समर्थ थेट अक्षर, ओळी, कागद यांविषयी बोलतात. पानाच्या भोवती जागा मोकळी सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर जाणार नाही, असे ते सांगतात. पोथी ठेवायला बासने, मेणकापड, पेट्या, कुलपे यांचीही नोंद आहे. जिथे पाणी ठिबकते, तिथे मेणकापडाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पोलादपूरला ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी आहे. अशा ग्रंथांच्या पोथ्या म्हणजे सुटी पाने. त्यांच्या वर आणि खाली लाकडाच्या फळ्या किंवा पुठ्ठे घालून त्या बासनात बांधून ठेवायची रीत. वरखाली कोणीतरी पाठ दिली म्हणून मधली पाने आपल्यापर्यंत पोचली.

हे सारे मनात असताना मी आपल्या ग्रंथालयात जाते. दारामागच्या कपाटात ‘जीर्ण’ अशी चिठ्ठी लावलेली पुस्तके आहेत. ती देवघेवीसाठी बाहेर येत नाहीत. मी परवानगी घेऊन ती चाळली. बहुतेकांची पाने शाबूत आहेत! कोणाची पाठ गेली आहे, कोणाचे पुढचे चार कागद सुटले आहेत, कोणाचा नुसता पुठ्ठा तुटला आहे. बाहेर बांधणीला पाठवायचे तर खर्च येतो, आणि त्या पैशात नवी पुस्तके घ्यावीत असे वाटणे साहजिक आहे, हे ग्रंथपालांचे म्हणणे मला पटते. पण त्या कपाटात राज्यशास्त्राची आणि अर्थशास्त्राची अशी पुस्तके आहेत की ज्यांची दुसरी प्रत ग्रंथालयात नाही. ज्यांच्या घरी पुस्तके विकत घेतली जातात त्यांचे काही अडत नाही. आमच्यासारख्यांचे अडते. परीक्षेच्या आधी एका प्रतीमागे आम्ही सात-आठ जण असतो.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. पुढच्या वर्षी स्पर्धा जरूर घ्या. तिच्यामागचा हेतू चांगला आहे, कचरा वाढतो आहे हेही खरेच. पण पुठ्ठ्याचे पेनस्टँड आणि ताजमहाल करण्याऐवजी आपण पुठ्ठ्याला त्याचे मूळ काम द्यावे. आठवड्यातून एक दुपार ग्रंथालयाच्या व्हरांड्यात पुस्तकबांधणीचे काम चालावे. जाड सुई, दोरा, मैदा, चिमूटभर मोरचूद, पाठीला मांजरपाट आणि करडा पुठ्ठा, एवढ्यावर सुरुवात होते. मोरचूद विषारी असते, तेवढी काळजी घ्यावी. गठ्ठे शिवून मग पाठ लावायची, या कामाला बाइंडर लोक जुजबंदी म्हणतात. बाजारपेठेत जुने कारागीर असतील तर त्यांना बोलावून रीतसर मानधन द्यावे. आपण पाहुण्यांना नारळ आणि शाल देतो, त्यातलेच थोडे. पुठ्ठा मात्र विकत आणायची गरज नाही. साड्यांच्या गठ्ठ्यांतला मी आणून देईन. बाबांना विचारून ठेवले आहे.

कोणी म्हणेल, आता सारे मोबाइलवर मिळते, फाटकी पुस्तके कशाला शिवत बसायची? आमच्या वाडीत नेटवर्कसाठी पाण्याच्या टाकीपर्यंत चढावे लागते. पावसाळ्यात तेही नाही. पुस्तक मात्र कंदिलाच्या उजेडातही उघडते.

नुसती सूचना करून बाजूला बसू नये म्हणून दिवाळीच्या सुट्टीत ग्रंथपालांच्या परवानगीने मी एक पुस्तक घरी नेऊन बांधले. भारतीय राज्यघटनेवरचे आहे. शिवण बरी झाली. पाठही चांगली बसली. पण चार दिवसांत पुठ्ठा धनुष्यासारखा बाहेर वाकला. मी बाबांना दाखवले. त्यांनी पुस्तक हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, “एकाच अंगाला कागद लावलास ना? वाळताना खळ ओढते. तुझा परीक्षेचा पुठ्ठा बघ, दोन्ही अंगांना आहे.” तो पुठ्ठा मी कपाटावरून काढला. बारावीचे सारे पेपर मी त्याच्यावरच लिहिले, प्रथम वर्षाचेही. तो अजून सरळ आहे.

ते पुस्तक सध्या ग्रंथालयात आहे. थोडे वाकडे दिसते, पण देवघेवीत आहे आणि मी पाहिले तेव्हा त्याच्या कार्डावर तीन नावे चढली होती. दुसरे पुस्तक घेतले आहे, त्याला आतूनही कागद लावते आहे.